ब्राउझर मंदावला आहे? सेटिंगला हात लावण्याचा योग्य क्रम

ब्राउझर मंद झाला की बहुतेक जण एकाच बैठकीत सगळे करून मोकळे होतात. इतिहास पुसतात, कुकीज (संकेतस्थळांनी आपल्याला ओळखण्यासाठी साठवलेल्या बारीक नोंदी) उडवतात, चार एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर) काढतात, कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेले छुपे सेटिंग बदलतात आणि शेवटी ब्राउझरच काढून पुन्हा बसवतात. त्यानंतर तो सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही आणि बिघडला तरी कशाने बिघडला हे कळत नाही. पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांचे संगणक पाहताना मला सतत आढळलेली गोष्ट अशी, की लोकांना सेटिंगे माहीत असतात, पण त्यांचा क्रम उलटा असतो. जे सर्वांत शेवटी करायचे ते आधी होते, आणि जे आधी पाहायचे ते पाहिलेच जात नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर मोजून पाहावे.

येथील वर्णन विंडोजवरील क्रोम गृहीत धरून केले आहे. एज आणि फायरफॉक्समध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. सेटिंगांची नावे इंग्रजी मांडणीत दिसतात तशी दिली आहेत. नव्या आवृत्तीत एखादे सेटिंग जागेवर सापडले नाही, तर सेटिंगच्या पानावरील शोधचौकटीत त्याचे नाव टाइप करावे.

पूर्वतयारी

या कामाला निवांत तास-दीड तास लागतो. मिळकतकर भरता भरता, किंवा मुलाचा अकरावी प्रवेशाचा अर्ज अर्धवट भरलेला असताना, मध्येच हे काम काढू नये.

पहिली गोष्ट म्हणजे उघडे टॅब जपून ठेवणे. कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही बटणे एकत्र दाबली की सर्व उघडे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. त्या फोल्डरला आजची तारीख द्यावी. त्यानंतर बुकमार्क मॅनेजर उघडून तेथील तीन टिंबांमधून 'एक्स्पोर्ट बुकमार्क्स' निवडावे आणि मिळालेली फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी.

पासवर्डांच्या बाबतीत बहुतेकांची एक समजूत असते, की ते 'गूगलमध्ये आहेतच'. ते खरोखर आहेत का, हे पासवर्ड मॅनेजर उघडून डोळ्यांनी पाहावे. बँक, वीजबिल आणि ईमेल या तिन्हींचे पासवर्ड आपल्याला ब्राउझरच्या मदतीशिवाय ठाऊक आहेत का, याचीही खात्री करावी. ठाऊक नसल्यास ते वहीत लिहावेत आणि वही कपाटात ठेवावी.

इशारा: पासवर्ड 'एक्स्पोर्ट' करण्याची सोय ब्राउझरमध्ये असते, पण तशी तयार होणारी फाइल साधी, कुलूप नसलेली असते आणि ती उघडणाऱ्या कोणालाही सर्व पासवर्ड वाचता येतात. ती डेस्कटॉपवर पडू देऊ नये, आणि स्वतःला ईमेल तर मुळीच करू नये.

हिंजवडी किंवा खराडीतील कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल, तर मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' ही ओळ दिसते का ते पाहावे. ती दिसल्यास अनेक सेटिंगे कंपनीने बांधून ठेवलेली असतात आणि ती बदलण्याची खटपट न करता आयटी विभागाला कळवणे हेच योग्य. मात्र घरच्या खासगी संगणकावर हीच ओळ दिसली आणि आपण कामाचे कोणतेही खाते तेथे जोडलेले नसेल, तर ते एखाद्या आगंतुक सॉफ्टवेअरचे लक्षण असू शकते. अशा वेळी आधी विंडोजमधील सुरक्षा तपासणी पूर्ण चालवावी आणि मगच पुढे जावे.

टप्पा १: दोष ब्राउझरचाच आहे का, हे ठरवणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी निकालाचे पान उघडत नाही, यात आपल्या ब्राउझरचा काडीचाही दोष नसतो. पण त्याच दुपारी कितीतरी घरांत कॅशे (ब्राउझरने जपून ठेवलेली पानांची साठवण) पुसला जातो.

तपासणी तीन प्रकारे करावी. जे पान मंद वाटते तेच पान त्याच वायफायवर मोबाइलमध्ये उघडावे. तेथेही ते रखडत असेल तर दोष त्या संकेतस्थळाचा किंवा इंटरनेट जोडणीचा आहे. त्यानंतर त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर उघडावा. विंडोजमध्ये एज असतोच. दोन्ही ब्राउझर सारखेच मंद असतील तर दोष संगणकाचा किंवा जोडणीचा आहे. फक्त नेहमीचाच ब्राउझर मंद असेल, तरच पुढचे सर्व टप्पे खऱ्या अर्थाने उपयोगाचे आहेत.

पान उघडत असताना खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय उमटते तेही पाहावे. तेथे 'वेटिंग फॉर' आणि पुढे संकेतस्थळाचे नाव बराच वेळ टिकून राहिले, तर आपला ब्राउझर विनंती पाठवून बसलेला आहे आणि समोरून उत्तर येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

वेगाच्या आकड्यांबाबतही गैरसमज आहे. १०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रतिसेकंद) जोडणी म्हणजे सेकंदाला १०० एमबी (मेगाबाइट) नव्हे, तर सुमारे साडेबारा एमबी. शिवाय राउटर दिवाणखान्यात आणि संगणक दोन भिंतींपलीकडच्या खोलीत असेल, तर तो आकडाही तेथवर पोहोचत नाही. एकदा लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन तेच पान उघडून पाहावे. कित्येकदा 'मंद ब्राउझर' तेथेच बरा होतो.

टप्पा २: मोजणी

'जरा बरे वाटते आहे' हे मोजमाप नव्हे. मोबाइलमधील स्टॉपवॉच घेऊन तीन अवधी नोंदवावेत: ब्राउझरच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारल्यापासून पत्ता टाइप करता येईपर्यंतचा वेळ, रोजच्या वापरातील एक ठरावीक जड पान पूर्ण उमटेपर्यंतचा वेळ, आणि उघड्या टॅबवरून दुसऱ्या टॅबवर गेल्यावर तो प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ. प्रत्येक मोजणी दोनदा करावी आणि दुसरा आकडा धरावा. संगणक नुकताच सुरू झालेला असेल तर पाचेक मिनिटे थांबावे, कारण त्या वेळी अँटिव्हायरस आणि विंडोजची स्वतःची कामे चालू असतात आणि पहिला आकडा फसवा येतो.

हे आकडे कागदावर लिहावेत. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर त्याच तीन गोष्टी पुन्हा मोजून शेजारी नवा रकाना भरावा.

टप्पा ३: अपडेट आणि खराखुरा रीस्टार्ट

तीन टिंबांच्या मेनूतून 'हेल्प' आणि पुढे 'अबाउट गूगल क्रोम' उघडले की ब्राउझर स्वतःच नवी आवृत्ती शोधतो. ती उतरल्यावर 'रीलाँच' दाबावे लागते. ते न दाबता पान बंद केले, तर जुनीच आवृत्ती चालू राहते. त्याच पानावर आवृत्तीच्या क्रमांकापुढे ६४ बिट की ३२ बिट हेही लिहिलेले असते. विंडोज ६४ बिटची असूनही ब्राउझर ३२ बिटचा निघाला, तर ६४ बिटचा बसवून घ्यावा.

विंडोज ७ किंवा ८.१ वर क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची होती. अशा संगणकावर 'अपडेट होत नाही' ही तक्रार सेटिंग बदलून सुटणारी नाही.

आता रीस्टार्ट. आमच्या सोसायटीतील एका काकांनी मला ठामपणे सांगितले होते, "अरे, मी रोज रात्री बंद करतो की!" कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर (मुख्य प्रोसेसर) टिचकी मारली आणि खाली 'अप टाइम'समोरचा आकडा त्यांना दाखवला: २३ दिवस. काका रोज रात्री लॅपटॉपचे झाकण लावत होते. झाकण लावणे म्हणजे बंद करणे नव्हे. आणखी एक बारकावा असा, की विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यानेही प्रणाली पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी 'रीस्टार्ट'च निवडावे लागते.

पडताळणी: रीस्टार्टनंतर 'अप टाइम' शून्याच्या आसपास आला का ते पाहावे आणि तिन्ही मोजण्या पुन्हा कराव्यात. येथेच काम झाले असेल तर पुढे जाण्याची गरज नाही.

टप्पा ४: ब्राउझरच्या आत कोण किती खात आहे

बहुतेकांना माहीत नसते की विंडोजप्रमाणे ब्राउझरलाही स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की तो उघडतो. फायरफॉक्समध्ये त्याच बटणांनी 'प्रोसेस मॅनेजर'चे पान उघडते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'क्रोम' या नावाच्या वीस ओळी दिसतात आणि त्यांतली कोणती कशाची हे समजत नाही. ब्राउझरच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन आपापल्या नावानिशी समोर येते.

'मेमरी' या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत जास्त मेमरी घेणारी ओळ वर येईल. ती यादी लिहून घ्यावी. मग 'सीपीयू'च्या मथळ्यावर टिचकी मारून अर्धा मिनिट नुसते पाहत राहावे. एखादी ओळ क्षणभर वर उसळून खाली आली तर ते स्वाभाविक आहे. आपण काहीही करत नसताना एखादी ओळ सतत वरच बसून राहिली, तर ती संशयित.

काकांच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम (चालू कामांसाठीची मेमरी) होती आणि ४१ टॅब उघडे होते, त्यामुळे मी स्वतः टॅबनाच दोषी धरून बसलो होतो. पण सीपीयूच्या रकान्यात वरून पहिली ओळ टॅबची नव्हतीच. ती पीडीएफ बदलून देणाऱ्या एका एक्स्टेन्शनची होती. सातबाऱ्याचा एक उतारा लहान करण्यासाठी त्यांनी ते कधीतरी बसवले होते, एकदाच वापरले होते, आणि तेव्हापासून ते प्रत्येक उघडणाऱ्या पानात डोकावत होते.

इशारा: या यादीतील ओळ निवडून तेथील बटणाने ती संपवता येते, पण 'ब्राउझर' नावाची ओळ संपवू नये, अन्यथा संपूर्ण ब्राउझर बंद होईल. 'जीपीयू' आणि 'नेटवर्क' या नावांच्या ओळी त्याच्या अंतर्गत कामाच्या असतात, त्यांनाही हात लावू नये. एखाद्या टॅबची ओळ संपवण्यापूर्वी तिच्यावर दोनदा टिचकी मारावी, म्हणजे तो टॅब समोर येतो आणि त्यात अर्धवट भरलेला अर्ज नाही ना हे पाहता येते.

टप्पा ५: एक्स्टेन्शन

सर्वांत मोठा फरक बहुधा येथेच पडतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

आधी एक झटपट कसोटी घ्यावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून गुप्त खिडकी उघडावी आणि मोजणीचे तेच जड पान तेथे उघडावे. गुप्त खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. आपण मुद्दाम परवानगी दिलेली असली तरच ती चालतात. तेथे पान झरकन उघडले, तर एक्स्टेन्शनांवरचा संशय बळावतो. मात्र गुप्त खिडकीत जुन्या कुकीज आणि साठवलेला कॅशेही नसतो, त्यामुळे पान दोनदा उघडून दुसऱ्या वेळचा आकडा धरावा. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मेनूतील 'ट्रबलशूट मोड' ही याहून काटेकोर सोय आहे. त्यात सर्व एक्स्टेन्शन तात्पुरती बाजूला ठेवून ब्राउझर सुरू होतो.

संशय खरा ठरला, तर एक्स्टेन्शनांचे पान उघडून सगळ्यांचे खटके बंद करावेत. 'रिमूव्ह' दाबू नये. बंद केलेल्या एक्स्टेन्शनचे सेटिंग जागेवर राहते, काढून टाकलेल्याचे जाते. मोजणी करावी. मग एकेक चालू करून दर वेळी मोजावे. आठ-दहा एक्स्टेन्शन असतील तर अर्धी चालू आणि अर्धी बंद ठेवून शोध घेणे लवकर उरकते: मंदपणा ज्या अर्ध्यात दिसेल, त्याचे पुन्हा दोन भाग करावेत.

दोषी सापडल्यावरही लगेच पुढे न जाता उरलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्याभरात मी हे स्वतःहून वापरले का? ज्याचे उत्तर 'नाही' ते काढून टाकावे. ज्याचे उत्तर 'कधीकधी' असेल, त्याच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'साइट अॅक्सेस' पाहावा. तेथे 'ऑन ऑल साइट्स' असेल तर ते 'ऑन क्लिक' करावे, म्हणजे आपण बोलावल्याशिवाय ते पानाला हात लावणार नाही.

जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन हा या यादीतला अपवाद आहे. ते स्वतः थोडी मेमरी घेते, पण जाहिरातींचा बराच भार उतरूच देत नसल्यामुळे बातम्यांची पाने हलकी होतात. मात्र असे एकच ठेवावे. दोन ठेवल्याने दुप्पट जाहिराती अडत नाहीत, प्रत्येक पानाची झडती मात्र दोनदा होते.

टप्पा ६: न मागता चालू असलेली कामे

सेटिंगमधील 'ऑन स्टार्टअप' येथे 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडलेले असेल तर कालचे सगळे टॅब आज पुन्हा उघडतात. रॅम कमी असलेल्या संगणकावर 'ओपन द न्यू टॅब पेज' ठेवणे बरे. त्यानंतर 'सिस्टीम' विभागात ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीला अॅप चालू ठेवण्याचा खटका असतो, तो बंद करावा. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' नावाची सोय आहे. ती ब्राउझरचा काही भाग आधीच तयार ठेवते, त्यामुळे एज लवकर उघडतो, पण तो उघडलेला नसतानाही मेमरी अडते. एज क्वचितच वापरणाऱ्यांनी ती बंद ठेवावी.

याच बैठकीत 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज' आणि मग 'नोटिफिकेशन्स' उघडून कोणाकोणाला परवानगी दिलेली आहे ती यादी पाहावी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत' असे सांगणाऱ्या चौकटी बहुतेक वेळा व्हायरसमुळे आलेल्या नसतात. कुठल्यातरी पानावर घाईत दाबलेल्या 'अलाऊ'ची ती फळे असतात. ईमेल आणि दिनदर्शिका सोडून बाकी सर्व नावे येथून काढावीत.

टप्पा ७: मेमरी सेव्हर

सेटिंगमधील 'परफॉर्मन्स' या विभागात 'मेमरी सेव्हर' आहे. काही काळ न पाहिलेला टॅब ब्राउझर मेमरीतून उतरवतो आणि आपण त्यावर परत गेलो की पुन्हा उघडतो. त्याच्या 'मॉडरेट', 'बॅलन्स्ड' आणि 'मॅक्झिमम' अशा तीन पातळ्या आहेत. ४ जीबी रॅम असेल तर 'मॅक्झिमम' आणि ८ जीबी असेल तर 'बॅलन्स्ड' ठेवावे, असा माझा अनुभव आहे. १६ जीबी असताना हे सेटिंग चालू ठेवून टॅब पुन्हा पुन्हा नव्याने उघडताना पाहत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. एजमध्ये हेच काम 'स्लीपिंग टॅब्ज' करते.

ध्वनी किंवा चित्रफीत चालू असलेले, फाइल उतरवत असलेले, पिन केलेले आणि अर्ज अर्धवट भरलेले टॅब मेमरी सेव्हर सहसा झोपवत नाही. तरीही ज्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते, ती संकेतस्थळे 'ऑलवेज कीप दीज साइट्स अॅक्टिव्ह' या यादीत घालावीत.

इशारा: बँकेचे किंवा शासकीय पोर्टल दहा-पंधरा मिनिटांनी आपल्याला बाहेर काढते, तेव्हा तो मेमरी सेव्हरचा दोष समजू नये. ती मुदत त्या पोर्टलने त्याच्या बाजूने घातलेली असते आणि आपल्याकडचे कोणतेही सेटिंग ती वाढवू शकत नाही.

याच पानावरील 'एनर्जी सेव्हर' लॅपटॉप विजेला जोडलेला नसताना ब्राउझरची पार्श्वभूमीची कामे आणि दृश्य हालचाली आवरतो. 'चार्जर काढला की व्हिडिओ अडखळतो' ही तक्रार असेल, तर आधी येथे पाहावे.

टप्पा ८: ग्राफिक्स अॅक्सिलरेशन

'सिस्टीम' विभागातील 'यूज ग्राफिक्स अॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' हा खटका बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. हा खटका चालू असताना चित्रफिती उलगडण्याचे आणि पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे जाते. तो बंद केला की तेच ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते, पंखा घरघरू लागतो आणि व्हिडिओ अडखळतो. तो चालूच ठेवावा. फक्त पडदा लुकलुकत असेल, पानाचे काळे तुकडे दिसत असतील किंवा स्क्रोल करताना चित्र फाटत असेल, तरच तो बंद करून 'रीलाँच' करावे आणि फरक पाहावा. फरक पडला, तर खरा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) असण्याची शक्यता आहे. ड्रायव्हर अद्ययावत करून खटका पुन्हा चालू करून पाहावा. फायरफॉक्समध्ये 'जनरल'खालील 'परफॉर्मन्स'मध्ये 'यूज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज' ही खूण काढल्यावरच हा पर्याय दिसतो.

टप्पा ९: प्रीलोड आणि डीएनएस

'परफॉर्मन्स'मधील 'प्रीलोड पेजेस' आपण कोठे जाऊ याचा अंदाज बांधून ती पाने आधीच मागवून ठेवते. ब्रॉडबँड आणि पुरेशी रॅम असेल तर 'स्टँडर्ड' ठेवावे. मोबाइल हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर बंद करावे, कारण न पाहिलेल्या पानांचाही डेटा खर्च होतो.

डीएनएस बदलण्याविषयी फार गाजावाजा होतो. डीएनएस फक्त संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देते. पत्ता मिळाल्यानंतर पान किती वेगाने उतरेल, याच्याशी तिचा संबंध नसतो. नवे संकेतस्थळ उघडताना सुरुवातीलाच दोन-तीन सेकंद काहीच हालचाल होत नसेल आणि नंतर पान वेगाने येत असेल, तरच 'यूज सिक्युअर डीएनएस'मध्ये दुसरी सेवा निवडून पाहण्यात अर्थ आहे.

टप्पा १०: कॅशे आणि कुकीज

जे काम लोक पहिल्यांदा करतात ते येथे दहाव्या क्रमांकावर आहे, आणि ते मुद्दाम. कॅशे म्हणजे एकदा उतरवलेली चित्रे आणि फाइल संगणकावर जपून ठेवण्याची जागा. ती असते म्हणूनच तेच पान दुसऱ्यांदा लवकर उघडते. वर उल्लेख केलेले काका रोज सकाळी दात घासावेत तसा कॅशे पुसत असत, आणि त्यामुळे रोज सकाळी त्यांचा ब्राउझर सगळे काही नव्याने उतरवत बसे.

कॅशे पुसण्याची खरी गरज तेव्हा पडते, जेव्हा एखादे पान मोडके दिसते, जुनीच माहिती दाखवते किंवा तेथील बटण दाबले जात नाही. त्यासाठी संपूर्ण कॅशे पुसण्याचे कारण नाही. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबावे, म्हणजे तेवढे एक पान कॅशे टाळून नव्याने उतरते. तेवढ्याने भागले नाही तर पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारून 'कुकीज अँड साइट डेटा'मधून फक्त त्या संकेतस्थळाची साठवण पुसावी.

सगळेच पुसायचे ठरले, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबावे, 'टाइम रेंज'मध्ये 'ऑल टाइम' निवडावे आणि केवळ 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' याच चौकटीत खूण ठेवावी. कुकीजची खूण ठेवल्यास जवळपास सर्व संकेतस्थळांवर पुन्हा लॉगिन करावे लागेल.

इशारा: याच खिडकीत 'पासवर्ड' आणि 'ऑटोफिल' यांच्याही चौकटी असतात. ब्राउझर खात्याशी सिंक केलेला असताना त्या चौकटींत खूण करून पुसले, तर ती माहिती केवळ या संगणकावरून नव्हे, तर खात्यातून आणि त्यामुळे मोबाइलवरूनही जाते. मी स्वतः एकदा घरातल्यांचे साठवलेले सगळे पत्ते असेच घालवून बसलो होतो. 'डिलीट' दाबण्यापूर्वी प्रत्येक खूण बोट ठेवून वाचावी.

टप्पा ११: नवे प्रोफाइल, आणि मगच रीसेट

येथवर येऊनही फरक पडला नसेल, तर उजवीकडे वरच्या प्रोफाइलच्या चिन्हातून खात्याशिवायचे एक नवे प्रोफाइल तयार करावे आणि त्यात दोन दिवस काम करून पाहावे. जुने प्रोफाइल शेजारी जसेच्या तसे राहते, त्यामुळे यात गमावण्यासारखे काही नाही. नवे प्रोफाइल वेगाने चालले, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये साठलेल्या गोष्टींत आहे. तेही मंदच चालले, तर रीसेट करूनही उपयोग होणार नाही.

दोष जुन्या प्रोफाइलमध्ये असल्याचे ठरल्यावर 'रीसेट सेटिंग्ज'मधील 'रिस्टोअर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डिफॉल्ट्स' वापरावे. त्याने एक्स्टेन्शन बंद होतात, पिन केलेले टॅब सुटतात, सुरुवातीचे पान आणि शोधयंत्र मूळ स्थितीला येतात आणि कुकीज जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड मात्र राहतात. फायरफॉक्समध्ये हेच काम 'रिफ्रेश फायरफॉक्स' करते आणि जुनी माहिती डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवून देते.

ब्राउझर काढून पुन्हा बसवण्याने सहसा काही होत नाही, याचे कारणही येथेच आहे. काढताना 'आपली ब्राउझिंग माहितीही पुसायची का' असे विचारले जाते. त्यावर खूण केली नाही तर जुने प्रोफाइल डिस्कवर तसेच राहते आणि नवा ब्राउझर तेच उचलून पुन्हा तितकाच मंद चालतो.

या टप्प्यांत जाणूनबुजून न घेतलेल्या गोष्टी

क्रोममधील 'फ्लॅग्ज'चे पान आणि फायरफॉक्समधील 'अबाउट कॉन्फिग' यांतील सेटिंगे प्रायोगिक असतात आणि कोणत्याही आवृत्तीत नाहीशी होऊ शकतात. फायरफॉक्समध्ये 'पाइपलायनिंग' चालू करण्याचा सल्ला अजूनही फिरताना दिसतो, पण ती सोयच ब्राउझरमधून केव्हाच काढून टाकलेली आहे. 'रॅम बूस्टर' आणि 'पीसी क्लीनर' या नावांची सॉफ्टवेअर तर बसवूच नयेत. स्वतः पार्श्वभूमीला चालत राहून ती नेमकी तीच रॅम खातात.

टप्पा १२: सेटिंगची हद्द संपते तेव्हा

नेहमीचे टॅब उघडून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' पाहावे. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास अडकलेली आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी पडल्यामुळे विंडोज तेच काम डिस्कवर ढकलत आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे फारच जाणवते. अशा वेळी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याने होणारा फरक वरच्या सर्व टप्प्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतो, हे मान्य करायला हवे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, रॅमची किंमत विचारायला जाण्यापूर्वी 'मेमरी'च्या पानावरील दोन ओळी मात्र लिहून न्याव्यात. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक असे दिसले तर आणखी एक पट्टी बसवायला जागा आहे. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'एसओडीआयएमएम' असेल तर ती पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम मदरबोर्डवरच पक्की केलेली आहे, आणि दुकानात जाण्याची खेप वाचते.